टीएमएसच्या खुर्चीतली टकटक आणि दुखणं: घरच्या घरी स्वसंमोहन शिकून त्रास कसा कमी करायचा

पहिल्या दिवशी टीएमएसच्या, म्हणजे डिप्रेशनसाठी डोक्याला चुंबकाचे ठोके द्यायच्या ट्रीटमेंटच्या, खुर्चीत बसले तेव्हा तिथल्या अक्कांनी माझ्या कानात स्पंजचे बोळे घातले, डोक्याला ते आठच्या आकड्यासारखं कॉइल, म्हणजे तारेचं वेटोळं, टेकवलं आणि म्हणाल्या, थोडं टिचकी मारल्यासारखं वाटेल बघा. डाव्या भुवईच्या वर कुणीतरी पेन्सिलीच्या टोकानं भराभर टोचतंय, डोळा आपोआप मिचकतोय, जबडा आवळला जातोय आणि वरच्या दाढेत चांदी भरलीय तिथपर्यंत कळ जातेय, असं सगळं एकदम झालं. चार सेकंद. मग शांत. मग परत चार सेकंद. मी "दुखतंय" म्हटल्यावर उत्तर आलं की सगळ्यांनाच दुखतं, सहन करा. त्या रात्री मी घरी येऊन ठरवलं होतं की उद्यापासून जायचं नाही. डिप्रेशनच्या दोन प्रकारच्या गोळ्या करून झाल्या होत्या, तरी फरक नव्हता, आणि आता हे पण सोडायचं म्हणजे हातातलं शेवटचं सोडल्यासारखं होतं. पुढे एका सायकॉलॉजिस्ट मॅडमनी मला स्वसंमोहन शिकवलं आणि मी सगळी सेशनं पूर्ण केली. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातनं कुणाला हे ट्रीटमेंट घ्यायला सांगितलं असेल तर त्यांच्यासाठी सगळं नीट लिहिते, घाई करू नका, सावकाश वाचा.

आधी एक गैरसमज. आमच्याकडे टीएमएस म्हटलं की लगेच "शॉक देणार काय?" असं विचारतात. शॉक ट्रीटमेंट म्हणजे ईसीटी, ते भूल देऊन करतात, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं तर भूल आणि स्नायू सैल करायचं औषध दिल्याशिवाय ते करायलाच बंदी आहे. टीएमएस वेगळं. यात भूल नाही, फिट आणायची नाही, तुम्ही पूर्ण जागे असता आणि नंतर आपल्या पायानं घरी येता. कॉइलमधनं करंट जातो, त्यानं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ताकदीला एमआरआयच्या जवळपास पण अगदी छोट्या जागेपुरतं आणि क्षणभरच, आणि त्यानं कवटीच्या आतल्या पेशी जाग्या होतात. 1985 ला इंग्लंडमध्ये शेफिल्डला अँथनी बार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं, आणि डिप्रेशनसाठी अमेरिकेत 2008 ला परवानगी मिळाली. साधारण आठवड्याला पाच दिवस, चार ते सहा आठवडे.

आता दुखतं कशानं, हे समजून घ्या, कारण संमोहनात आपण स्वतःला जे सांगणार ते खरं असलं पाहिजे. मेंदूला स्वतःला दुखत नाही, त्यात वेदना ओळखणाऱ्या नसाच नाहीत. दुखतं ते वरचं, म्हणजे डोक्याची कातडी, भुवईवरची नस आणि कानशिलाचा स्नायू, कारण चुंबक आत जाताना वाटेत त्यांनाही उडवतो. म्हणजे दुखणं खरं आहे, मनाचे खेळ नाहीत, खरं आत काही बिघडत नाही. हे एवढं कळल्यावरच माझी निम्मी भीती गेली होती. आणि बहुतेकांचं दुखणं पहिल्या एकदोन आठवड्यात आपोआप कमी होत जातं, म्हणजे सगळ्यात जास्त मदत लागते ती सुरुवातीलाच.

संमोहनाच्या आधी मशीनचं बघा. हे मी मुद्दाम आधी लिहिते, कारण जे स्क्रू फिरवून सुटतं त्याला मनाला कामाला लावायचं कारण नाही. डॉक्टरांना सरळ विचारा: ताकद पहिल्या दिवसापासनं पूर्ण लावणार की हळूहळू वाढवणार? पहिल्या आठवड्यात कमीवर सुरू करून वाढवत नेता येतं. कॉइलचा कोन जरासा बदलला तर कळ दाढेत जायची थांबते काय ते बघायला सांगा. कॉइल आणि कातडीच्या मध्ये पातळ फोम ठेवता येतो काय? आधी पॅरासिटामॉल घेतलं तर चालेल काय? माझ्या केसमध्ये कोन बोटभर फिरवल्यावर दाढेतली कळ गेली, फक्त भुवईचं टोचणं राहिलं. पहिल्या ठिकाणी हे मला कुणी बोललं नव्हतं आणि त्याचा मला अजून राग आहे, कारण माझ्यासारखी किती माणसं दुसऱ्या दिवशी आलीच नसतील.

मग संमोहन. घरात मी हा शब्द काढला तर सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या कुणीतरी भानामती केल्यासारखं करणार आणि तू त्याच्या मुठीत जाणार. तसं काही नसतं. संमोहन म्हणजे लक्ष एका ठिकाणी इतकं गुंतणं की बाकीचं मागं सरतं, आणि त्या वेळी स्वतःला दिलेली सूचना जास्त आत जाते. तुम्ही झोपत नाही, शुद्ध हरपत नाही, नको असेल तेव्हा डोळे उघडता येतात. वारीत भजन म्हणताना पायाचे फोड जाणवत नाहीत ना, ते याच्या फार जवळचं आहे. आणि वेदनेसाठी हे वापरणं नवीन पण नाही. जेम्स एस्डेल नावाचा स्कॉटिश सर्जन 1845 पासनं आपल्याच देशात, बंगालमध्ये हुगळीला, अशा अवस्थेत नेऊन ऑपरेशनं करत होता, ईथरची भूल यायच्या आधी. आता दात काढताना, भाजलेल्या जखमेची पट्टी बदलताना हे वापरतात. 1997 ला मॉन्ट्रियलच्या पिएर रेनव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लोकांचे हात कढत पाण्यात घालून मेंदूचे फोटो काढले, आणि संमोहनात "याचा त्रास कमी वाटेल" अशी सूचना दिल्यावर मेंदूचा जो भाग वेदनेचा त्रास मोजतो त्याचं काम बदललेलं दिसलं. म्हणजे टोचणं कळतं, खरं ते नकोसं वाटणं कमी होतं. आपल्याला नेमकं तेवढंच पाहिजे. टोचणं शून्य करायच्या मागं लागू नका, मी लागले होते आणि पहिले तीन दिवस वाया गेले, सारखं मनात "गेलं काय, गेलं काय" चालायचं आणि जितकं तपासावं तितकं जास्त दुखायचं.

एक अडचण सुरुवातीलाच सांगते. मॅडमनी मला मोबाईलवर रेकॉर्डिंग दिलं होतं, मी म्हटलं छान, हेडफोन लावून ऐकत बसेन. तर कॉइलजवळ हेडफोन चालत नाही, मोबाईल चालत नाही, एटीएम कार्ड, कानातलं, केसाच्या पिना, सगळं काढून बाहेर ठेवायचं, आणि कानात बोळे असतातच, ते काढायचे नाहीत, आवाजानं कानाला इजा होऊ शकते. म्हणजे खुर्चीत तुमच्याबरोबर फक्त तुमचं पाठांतर येतं. म्हणून घरचा सराव हाच खरा भाग आहे, सुरू व्हायच्या निदान आठवडाभर आधीपासनं, सकाळ संध्याकाळ दहा पंधरा मिनिटं.

दुसरं, ते रेकॉर्डिंग पुण्याच्या भाषेत होतं, "आपण आता अत्यंत शिथिल होत आहात", आणि मला ते बातम्या ऐकल्यासारखं वाटायचं. शेवटी मी माझ्या आवाजात, माझी आई मला बोलली असती तसं रेकॉर्ड केलं. तुम्ही पण तसंच करा, निपाणीचे असाल तर निपाणीचं, कन्नड मिसळत असाल तर मिसळू द्या. माझं असं होतं:

"डोळे वर कर, भुवईच्या मध्ये बघ, पापण्या जड होऊ देत, आता मिट. खांदे ढिल्ले सोड. दात दातावर ठेवू नको, जीभ मोकळी सोड. आता आपण माडीवरनं खाली उतरालोय. दहावी पायरी. श्वास सोड, सावकाश. नववी. पाय जड झालेत. आठवी. काय घाई नाही बाळ. सातवी..." असं एकपर्यंत. "खाली पोचलीस. मागाच्या खोलीत गार फरशी हाय, भिंतीला टेकून बस. हितं तुला कोण काय करत नाही."

श्वासाबद्दल एक महत्त्वाचं. आत घेताना चार मोजा, सोडताना सहा, पोट हलू दे, बस्स. भराभरा मोठे श्वास अजिबात घ्यायचे नाहीत. खूप जोरात श्वास घेतल्यानं फिट यायची शक्यता वाढू शकते, आणि टीएमएसमध्ये फिट अगदी क्वचित, हजारात एकाहूनही कमी लोकांना, खरं ती जी थोडी शक्यता आहे ती आपण कशाला वाढवायची. त्याच कारणानं आदल्या रात्री नीट झोपा, दारू घेत असाल तर डॉक्टरांना खरं सांगा.

आता हाताचं. याला ग्लव्ह ॲनेस्थेशिया म्हणतात, म्हणजे हातमोजा घातल्यासारखा हात बधिर करायचा आणि तो बधिरपणा दुखऱ्या जागेवर नेऊन ठेवायचा. पहिल्यांदा खरा थंडपणा घ्या. भांड्यात बर्फाचं पाणी घेऊन उजवा हात अर्धा मिनिट बुडवा, बाहेर काढा, आणि डोळे मिटून बोटं कशी सुन्न झाली ते नीट लक्षात ठेवा. नंतर पाणी नको, फक्त आठवण. मी असोग्याला मलप्रभा नदीत हात घातलाय असं धरायचे, डिसेंबरची सकाळ, पाण्यावर धुकं, बोटं लाल झालीत. हात जड आणि गार झाला की तो उचलून डाव्या भुवईच्या वर ठेवायचा आणि मनात म्हणायचं, हा गारवा हितं उतरालाय, जाड झालाय, रेनकोटसारखा, टोचलेलं वर वर राहतंय. घरी खरोखर हात कपाळावर ठेवा. खुर्चीत हात कपाळावर नेता येत नाही, डोकं हलवायचं नाही, तेव्हा मनानंच ठेवायचा, म्हणून घरी शंभर वेळा ठेवलेला असला पाहिजे.

आणि मग आवाज. मशीनचा आवाज हा दुखण्याइतकाच त्रास देतो, मोठ्ठं टकटकटकटक. यावर माझा उपाय माझ्या लहानपणातनं आला. आमचं माहेर वडगावचं, शहापूर वडगावला घरोघरी माग. आमच्या शेजारच्या खोलीत दोन पॉवरलूम रात्री नऊपर्यंत चालायचे आणि मी त्या खटखटीतच झोपायची, उलट करंट गेला आणि माग थांबला की दचकून जाग यायची. तर मी स्वतःला सांगितलं की ही टकटक म्हणजे काकांचा माग चाललाय. चार सेकंद माग चालतो, मग धागा तुटतो, काका गाठ मारतात, ते 26 सेकंद, आणि परत चालू. माझ्या मशीनचं तसंच होतं, चार सेकंद चालू आणि 26 सेकंद बंद, सेकंदाला दहा ठोके, म्हणजे एका वेळी 40, आणि एका सेशनात 3000. साधारण 37 मिनिटं. दर वेळी 40 धागे विणले गेले, काठ एवढासा पुढे सरकला, हिरवा काठ, त्यात पिवळी नक्षी, एवढं बारीक बघायचं. तुमच्याकडे माग नसेल तर गिरणी असेल, पत्र्यावरचा जांबोटीचा पाऊस असेल, उसाच्या गुऱ्हाळाचं इंजिन असेल. तुमच्या लहानपणी जो आवाज आला की घर भरल्यासारखं वाटायचं तो घ्या, यूट्यूबवरचा समुद्र नको.

काही ठिकाणी तीन मिनिटांचा छोटा प्रकार देतात, थीटा बर्स्ट, 600 ठोके, दोन सेकंद चालू आठ सेकंद बंद. तिथे एवढी मोठी गोष्ट बसत नाही, पायऱ्या उतरून आधीच खाली बसलेलं असावं आणि फक्त हात आणि एक आवाज, एवढंच धरा.

सराव कसा केला ते सांगते कारण याचा मला सगळ्यात जास्त फायदा झाला. माझी मुलगी संध्याकाळी अभ्यास झाला की मोबाईलवर टायमर लावून माझ्या समोर बसायची आणि तर्जनीच्या नखानं माझ्या डाव्या भुवईच्या वर चार सेकंद भराभर टिचक्या मारायची, दुसऱ्या हातानं स्टीलच्या डब्यावर चमच्यानं आवाज, मग 26 सेकंद गप्प. दहा मिनिटं. पहिल्या दिवशी मी प्रत्येक वेळी डोळा मिटून आवळायचे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "आई, तुझा जबडा आता हललाच नाही की." जबडा हाच माप आहे. दात आवळले म्हणजे तुम्ही वाट बघालाय, लढालाय. शांत 26 सेकंदांत पुढच्या टकटकीची वाट बघणं हेच सगळ्यात जास्त थकवतं, म्हणून त्या वेळात मनाला काम द्या: श्वास दोन तीन, गाठ मारली, काठ बघितला.

शेवटी एक खूण बांधा. पायऱ्या उतरून खाली पोचलात की दर वेळी डाव्या हाताचा अंगठा आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं. आठवड्याभरात नुसतं बोट टेकलं की अंग सैल पडायला लागतं, आणि खुर्चीत तुमच्याकडे पायऱ्या उतरायला वेळ नसेल तेव्हा हेच कामाला येतं.

ही खूण आणि बाकी सगळं एका वेळी मात्र बाजूला ठेवायचं. पहिल्या दिवशी, आणि मधून मधून, ते तुमचं मोटर थ्रेशोल्ड मोजतात, म्हणजे किती ताकदीला हाताचा अंगठा उडतो ते बघतात आणि त्यावरनं तुमचा डोस ठरवतात. त्या वेळी हात नुसता मांडीवर सैल. बोट टेकवू नका, हात थंड पाण्यात आहे, हलतोय असलं काही मनात आणू नका, कारण स्नायू आवळला किंवा हालचाल नुसती मनात आणली तरी मोजमाप बदलतं, आणि चुकीच्या मापावर पुढचे सगळे दिवस जातात.

तिथल्या माणसांना आधी सांगून ठेवा की मी डोळे मिटून असं असं करणार आहे, झोपलेली नाही. टीएमएसमध्ये झोपायचं नसतं, म्हणून मी दर दहा वेळा माग चालून झाला की डोळे उघडून एकदा समोर बघायचे. आणि थांबवायची खूण ठरवा. आमच्या इथे मशीनवाल्या अक्का कन्नड बोलणाऱ्या, मी मराठी, कानात बोळे, बोलणं काय ऐकू येणार, म्हणून आम्ही ठरवलं की उजवा हात वर म्हणजे "साकु", पुरे, लगेच बंद. ती खूण मी सगळ्या सेशनांत दोनदाच वापरली, खरं ती आहे हे माहीत असल्यानंच मन मोकळं सोडता आलं.

ती दोनदा कशाला वापरली ते पण ऐका, कारण संमोहनानं काय झाकायचं नाही हे त्यातनं कळेल. एकदा कानातला बोळा सरकला होता आणि आवाज थेट कानात शिरत होता. दुसऱ्या वेळी कॉइल जागेवरनं घसरलं होतं आणि कळ वेगळ्याच ठिकाणी, कानशिलाखाली यायला लागली होती. रोजचं ओळखीचं टोचणं, त्याच्यावर गारवा ठेवा. नवीन काही असेल, म्हणजे भाजल्यासारखं, हात किंवा तोंड वेगळंच उडतंय, कानात शिट्टी वाजतेय, चक्कर, तर गोष्ट सोडा आणि हात वर करा. म्हणून स्वतःला सूचना देताना "मला काही जाणवणार नाही" असं कधीच म्हणू नका. मी म्हणायचे, "ओळखीचं आहे ते लांब राहील, नवीन काही आलं तर मला लगेच कळेल."

सगळ्यांनी हे एकट्यानं करू नये. आवाज ऐकू येणं, संशय, भास असा आजार असेल किंवा जुन्या धक्क्यानं अचानक भान हरपल्यासारखं होत असेल तर आधी तुमच्या सायकिअ‍ॅट्रिस्टना विचारा. डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर असेल तर ते टीएमएसच्याच आधी सांगायचं. आणि संमोहन सगळ्यांना सारखं लागत नाही, काहींना पटकन, बऱ्याच जणांना मध्यम, काहींना फारसं नाही, यात कमीपणा काही नाही. मला 2024 ला आलेला स्टॅनफर्डचा एक अभ्यास वाचून फार बरं वाटलं होतं. फायब्रोमायल्जियाच्या, म्हणजे अंगभर दुखत राहणाऱ्या आजाराच्या, 80 जणांपैकी निम्म्यांना मेंदूच्या डाव्या पुढच्या भागावर, म्हणजे डिप्रेशनसाठी कॉइल ठेवतात साधारण त्याच भागावर, जेमतेम 92 सेकंद टीएमएस दिलं तर पुढचा तासभर त्यांना संमोहन जास्त लागायला लागलं. मी मॅडमना हे दाखवलं तर त्या म्हणाल्या मग सेशन संपल्यावर लगेच बाहेरच्या बाकावर बसून दहा मिनिटं सराव कर, तुझा काय तोटा आहे. मी रोज केलं.

बाहेर यायचं कसं ते विसरू नका. मशीन बंद झालं की एकापासनं पाचपर्यंत मोजत वर चढा, तीनला बोटं हलवा, चारला खोल पण सावकाश श्वास, पाचला डोळे उघडा आणि खोलीतल्या तीन वस्तूंची नावं मनात घ्या. कपाळावरचा गारवा मुद्दाम काढून टाका, "आता इथलं सगळं नेहमीसारखं जाणवतंय" असं म्हणून, कारण नंतर डोकं दुखलं तर ते कळलं पाहिजे. मग पाणी प्या, थोडं चाला, आणि मगच स्कूटीची किल्ली हातात घ्या. मी खानापूरहून बसनं यायचे, तर सीबीटीला, म्हणजे बेळगावच्या बसस्टँडवर, बस सुटेपर्यंत बसायचे तेवढा वेळ पुरायचा.

ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी नुसतं 40 ठोके मोजा, आणि घरी आल्यावर वहीत शून्य ते दहा असे दोन आकडे लिहा, टोचलं किती आणि नकोसं वाटलं किती. माझ्या वहीत पहिल्या दिवशी सात आणि नऊ आहे, बाराव्या दिवशी पाच आणि दोन. ती वही डॉक्टरांना दाखवा, ताकद वाढवायची की कोन बदलायचा हे त्यांना त्यातनं ठरवता येतं. ट्रीटमेंट चालू असताना मधेच मन फार खाली गेलं, जगायला नको असं वाटायला लागलं तर त्याला संमोहन नको, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, रात्री कुणी मिळालं नाही तर 14416 टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, लावा, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत पण बोलतात आणि कन्नडमध्ये पण.